योहाना: केर काढायला बोलावलेली बाई नव्हे

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

कार्यक्रमपत्रिकेत आजच्या व्याख्यानाचा विषय ‘आइसलंडच्या पंतप्रधान योहाना सिगुर्दारदोत्तिर यांच्या सरकारची चार वर्षे’ असा छापलेला आहे आणि त्या विषयाला न्याय देण्याचा माझा प्रामाणिक इरादा आहे. मात्र २००९ ते २०१३ या काळाकडे वळण्याआधी योहाना यांच्याविषयी रूढ झालेल्या एका कथेचा मला समाचार घ्यायचा आहे, कारण ती ऐकून माझे कान किटले आहेत. कथा अशी की, पुरुषांनी बँकांचा जुगार मांडून एक चिमुकला देश बुडवला, मग घरातल्या बाईला हाक मारण्यात आली, तिने पदर खोचला, केर काढला आणि घर पुन्हा राहण्याजोगे केले. ही कथा स्त्रियांना आवडते, कारण तिच्यात बाई शहाणी ठरते. पुरुषांनाही ती तेवढीच आवडते, कारण केर काढून झाल्यावर बाईने बाजूला व्हायचे असते हे तिच्यात न सांगता गृहीत धरलेले असते. पहिल्या रांगेतील मंडळी हसली, यावरून मुद्दा पोचला असे मी समजतो.

मला ही कथा पटत नाही, कारण ती योहाना यांना लागूच पडत नाही. त्यांना कोणी बाहेरून बोलावून आणलेले नव्हते. बँका बुडाल्या तेव्हा त्यांना संसदेत तीस वर्षे झाली होती आणि ज्या सरकारच्या डोळ्यांदेखत त्या बुडाल्या, त्याच सरकारात त्या मंत्री होत्या. तरीही लोकांनी त्यांच्यावर विश्वास का ठेवला, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर २००९ मध्ये सापडत नाही. ते १९९४ मध्ये सापडते, आणि थोडे त्याहूनही मागे.

या कथेचा उगमही सांगून टाकतो. ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलंडच्या तीन मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या आणि सरकारने त्यांचा देशांतर्गत भाग ताब्यात घेतला. त्यांपैकी दोन नव्या सरकारी बँकांच्या प्रमुखपदी एलिन सिग्फुसदोत्तिर आणि बिर्ना एइनारसदोत्तिर या दोघींची नेमणूक झाली आणि परदेशी वृत्तपत्रांनी ‘पुरुषांची घाण बायका काढणार’ अशा आशयाचे मथळे दिले. वास्तविक या दोघी त्याच बुडालेल्या बँकांमध्ये वरच्या हुद्द्यांवर काम केलेल्या अधिकारी होत्या. त्याही बाहेरून आल्या नव्हत्या. पण मथळा एकदा जमून गेला की वस्तुस्थितीला फारसे कोणी विचारत नाही. चार महिन्यांनी योहाना पंतप्रधान झाल्या, तेव्हा तो मथळा तयारच होता.

मी त्यांना सारखे पहिल्या नावाने संबोधतो आहे, यात अनादर नाही. आइसलंडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते, मागे लागते ते वडिलांचे किंवा आईचे नाव. तिथली टेलिफोनची छापील यादीदेखील पहिल्या नावांच्या क्रमाने लावलेली असे. पंतप्रधान असोत की मासळी सोलणारा कामगार, सर्वांना सारा देश पहिल्या नावानेच ओळखतो.

योहाना यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९४२ रोजी राजधानी रेक्याविक येथे झाला. त्यांच्याच नावाची त्यांची आजी, योहाना एगिल्सदोत्तिर, ही रेक्याविकमधील कष्टकरी स्त्रियांच्या कामगार संघटनेची दीर्घकाळ अध्यक्ष होती. मासळी धुण्याच्या आणि खारवण्याच्या कामावर असलेल्या बायकांच्या मजुरीसाठी भांडणे हे तिचे आयुष्य होते. वडील सिगुर्दुर इंगिमुंदारसोन हे सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार होते. म्हणजे घरात मजुरीचे दर, घरभाडे आणि संप हे जेवताना बोलायचे विषय होते. योहाना विद्यापीठात गेल्या नाहीत. १९६० मध्ये त्यांनी वाणिज्य शाळेची पदविका घेतली आणि दोन वर्षांनी लोफ्टलेइदिर या विमान कंपनीत नोकरी धरली.

इथे माझे एक जुने गाऱ्हाणे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी एका साप्ताहिकासाठी मी योहाना यांच्यावर लांबलचक लेख लिहिला, त्यात कामगार चळवळ होती, घरबांधणी कर्जे होती, पक्षांतर्गत तंटे होते. अंक हातात आला तेव्हा संपादकांनी लेखाला ‘हवाई सुंदरी झाली पंतप्रधान!’ असे शीर्षक देऊन टाकलेले होते, उद्गारचिन्हासकट, आणि सोबत भलत्याच विमान कंपनीच्या भलत्याच बाईंचे छायाचित्र छापले होते. संपादकांना फोन केला तर ते म्हणाले, ‘अहो, वाचक आत तरी शिरतील.’ वाचक आत शिरले की नाही मला ठाऊक नाही; ज्यांनी मला नंतर पत्रे पाठवली, त्यांनी प्रामुख्याने विमान कंपनीतील भरतीविषयी विचारणा केली होती. पण हा दोष एकट्या त्या संपादकांचा नव्हे. २००९ च्या फेब्रुवारीत जगभरच्या वृत्तपत्रांनी हेच केले. आकाशात ट्रे फिरवणारी मुलगी अखेरीस देश चालवू लागली, अशी परीकथा लिहिली गेली आणि तिच्यातून मधली सत्तेचाळीस वर्षे अलगद गळून पडली.

वस्तुतः लोफ्टलेइदिरमधली नऊ वर्षे हीच योहाना यांची राजकीय शाळा होती. ही कंपनी आंतरराष्ट्रीय विमान कंपन्यांच्या दरनियमन करणाऱ्या संघात सामील नव्हती आणि त्यामुळे न्यूयॉर्कहून आइसलंडमार्गे लक्झेंबर्गला ती इतरांहून कितीतरी स्वस्तात नेत असे. युरोप पाहायला निघालेले अमेरिकन विद्यार्थी आणि हिप्पी तिच्या विमानांत खच्चून भरलेले असत. स्वस्त भाड्याचा भार कोणावर पडतो, हे विमानात उभ्याने काम करणाऱ्यांना नेमके कळते. योहाना तिथे केबिन कर्मचाऱ्यांच्या संघटनेत शिरल्या आणि १९६६ व १९६९ या वर्षांत तिच्या अध्यक्ष झाल्या. हवाई सेविकेची नोकरी हा कामगार प्रश्न आहे, हे आपल्याकडे कळायला उशीर लागला: लग्न, पहिले बाळंतपण आणि वय यांवरून नोकरीवरून दूर करण्याचे एअर इंडियाचे नियम १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले, आणि तेव्हाही न्यायालयाने बाळंतपणाची अट काढली पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांतील लग्नाची अट राहू दिली. योहाना यांनी १९७१ मध्ये विमान सोडले आणि रेक्याविकमधील पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यालयात सात वर्षे नोकरी केली. तिथेही त्या दुकान-कार्यालयांतील कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या मंडळावर गेल्या. ‘खोक्यांच्या कारखान्यातील कारकून झाली पंतप्रधान’ असा मथळा मात्र कुणी दिला नाही.

१९७८ मध्ये त्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षातर्फे अल्थिंगवर, म्हणजे ९३० साली सुरू झालेल्या त्या पुरातन संसदेवर, निवडून आल्या. तीनच वर्षे आधी, २४ ऑक्टोबर १९७५ रोजी, आइसलंडमधील सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी एक दिवस नोकरी, स्वयंपाक आणि मुलांची देखभाल यांवर बहिष्कार टाकला होता. वडिलांना मुले घेऊन कचेरीत जावे लागले आणि दुकानांतील सॉसेज संपले, कारण तेवढे एकच अन्न त्यांना शिजवता येत होते. तेव्हाची आइसलंडची संसद मात्र जागची हललेली नव्हती. १९७८ च्या निवडणुकीनंतर साठ सदस्यांत स्त्रिया तीन होत्या. १९८० मध्ये विग्दिस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि १९८३ मध्ये स्त्रियांची स्वतंत्र यादी निवडणुकीत उतरून तिने तीन जागा मिळवल्या. योहाना त्या यादीत गेल्या नाहीत. त्यांचे घर कामगार पक्ष हेच होते आणि स्त्रियांचा प्रश्न मजुरी, निवृत्तिवेतन आणि घर यांच्यापासून तोडता येत नाही, अशी त्यांच्या राजकारणाची बैठक राहिली. १९८४ मध्ये त्या पक्षाच्या उपाध्यक्ष झाल्या.

१९८७ मध्ये त्या समाजकल्याण मंत्री झाल्या आणि पुढची सात वर्षे, तीन पंतप्रधानांच्या चार मंत्रिमंडळांत, त्याच खात्यावर राहिल्या. हे खाते कोणत्याही देशात मिरवण्याचे नसते. तिथे परदेश दौरे नसतात, करारांवर सह्या करताना फोटो निघत नाहीत. तिथे घरभाडे, अपंगांच्या सोयी, बेरोजगार भत्ता आणि नगरपालिकांची रडगाणी असतात. १९८९ मध्ये त्यांच्या कारकिर्दीत घरकर्जांची रोखे-पद्धत सुरू झाली. तिची रचना अशी की, घर घेणारा तारणपत्र लिहून देई, विकणाऱ्याला त्याच्या मोबदल्यात सरकारी हमीचे रोखे मिळत आणि ते तो बाजारात विकू शके. ही रचना रूक्ष आहे, हे मला मान्य आहे. दोन-तीन श्रोत्यांनी घड्याळाकडे पाहिलेलेही मला दिसले. पण योहाना यांची कीर्ती अशाच रूक्ष गोष्टींवर उभी राहिली. ज्या गोष्टीचा हिशेब माणसाच्या स्वयंपाकघरातील टेबलावर मांडता येतो, ती गोष्ट त्या मंत्रिमंडळात शेवटपर्यंत लावून धरत, आणि त्यासाठी हट्टी, तुसडी, सहकाऱ्यांशी न जमणारी अशी विशेषणे त्यांना मिळत गेली.

आता माझ्या आवडत्या प्रसंगाकडे येतो. १९९१ मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने उजव्या इंडिपेंडन्स पक्षाबरोबर सरकार बनवले. पंतप्रधान झाले दाविद ओद्सोन, आणि परराष्ट्र मंत्रिपदी राहिले योहाना यांचे पक्षाध्यक्ष योन बाल्डविन हानिबाल्सोन. योन बाल्डविन हे मोठे रंगतदार गृहस्थ होते. सोव्हिएत संघ अजून उभा असताना लिथुआनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया यांच्या स्वातंत्र्याला मान्यता देण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता, आणि त्याची आठवण म्हणून विल्नियुस शहरात आजही आइसलंडच्या नावाचा एक रस्ता आहे. युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करारही त्यांनीच तडीस नेला. असा जगाच्या नकाशावर बोट फिरवणारा पक्षाध्यक्ष आणि भाडेकरूंच्या तक्रारींच्या फायली काखोटीला मारलेली उपाध्यक्ष यांचे जमणे कठीणच होते. मासेमारी घटली होती, पैसा आटला होता, आणि सरकार कल्याणकारी खर्चाला कात्री लावू पाहत होते. योहाना प्रत्येक कात्रीला आडव्या गेल्या. १९९३ मध्ये त्यांनी निषेध म्हणून पक्षाचे उपाध्यक्षपद सोडले आणि जून १९९४ च्या पक्ष अधिवेशनात थेट अध्यक्षपदासाठी योन बाल्डविन यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या.

त्या हरल्या. हरल्यावर व्यासपीठावर येऊन त्यांनी विजेत्याचे अभिनंदन करावे, पक्षाच्या एकजुटीविषयी दोन शब्द बोलावेत आणि खाली बसावे, एवढीच अपेक्षा होती. त्यांनी मूठ उंचावली आणि त्या म्हणाल्या, ‘मिन तीमी मुन कोमा!’ म्हणजे, माझी वेळ येईल. त्याच महिन्यात त्यांनी मंत्रिपद सोडले, काही काळाने पक्षही सोडला आणि थ्योद्वाकी नावाचा स्वतःचा पक्ष काढला. पुढे अनेक वर्षे आइसलंडमध्ये ते वाक्य थट्टेचा विषय होते. बस चुकलेला माणूस, फुटबॉल सामना हरलेला संघ, बढती हुकलेला कारकून, ज्याला त्याला तेच वाक्य म्हणून दाखवता येई.

आता या प्रसंगाची दुसरी बाजू, जी योहाना यांचे चाहते सहसा सांगत नाहीत. १९९५ च्या निवडणुकीत त्यांच्या नव्या पक्षाला चार जागा मिळाल्या आणि त्यांच्या जुन्या पक्षाच्या जागा दहावरून सातवर आल्या. ओद्सोन आणि सोशल डेमोक्रॅट यांची युती त्रेसष्ट जागांच्या संसदेत बत्तीसवर, म्हणजे केवळ एका मताच्या काठावर, येऊन ठेपली. ओद्सोन यांनी असला धोका पत्करला नाही. त्यांनी जुना सोबती सोडला आणि प्रोग्रेसिव्ह पक्षाला बरोबर घेतले. ती युती बारा वर्षे टिकली, आणि याच युतीने सरकारी बँकांचे खासगीकरण २००३ पर्यंत पुरे केले. त्याच बँका पाच वर्षांत देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ दसपट फुगल्या आणि फुटल्या. म्हणजे योहाना यांच्या तत्त्वनिष्ठ भांडणाने त्यांच्या स्वतःच्या पक्षाला बारा वर्षे सत्तेबाहेर बसवले आणि ज्यांनी बँका विकल्या त्यांचा मार्ग मोकळा करण्यास हातभार लावला. आणि याच भांडणामुळे, बँका विकल्या जात होत्या त्या काळात, त्या विरोधी बाकांवर होत्या. त्यांचा डावपेच फसला म्हणून त्यांचे हात स्वच्छ राहिले. राजकारणात सचोटी आणि अपयश एकमेकांना इतके चिकटून क्वचितच आढळतात. माझ्या मते योहाना यांच्या कारकिर्दीची गुरुकिल्ली इथे आहे, आणि केर काढणाऱ्या बाईच्या कथेत हिला जागाच नाही.

विरोधी बाकांवर त्यांनी बारा वर्षे प्रश्न विचारण्यात घालवली. दरम्यान डाव्या बाजूचे तुकडे एकत्र येऊन सोशल डेमोक्रॅटिक अलायन्स हा पक्ष झाला आणि योहाना त्यात आल्या. २००७ मध्ये हा पक्ष इंडिपेंडन्स पक्षाचे पंतप्रधान गेइर हार्दे यांच्याबरोबर सत्तेत गेला, तेव्हा योहाना, वय चौसष्ट, पुन्हा त्याच जुन्या समाजकल्याण खात्यावर परतल्या.

संयोजकांची पहिली चिठ्ठी आली आहे. तिच्यात ‘विषय?’ एवढेच लिहिले आहे. मी विषयावरच आहे; फक्त अजून २००८ यायचे होते, ते आता आले.

६ ऑक्टोबर २००८ रोजी हार्दे यांनी दूरचित्रवाणीवर भाषण केले आणि शेवटी ‘देव आइसलंडचे भले करो’ असे म्हटले. ज्या देशात राजकीय भाषणात देवाचे नाव फारसे निघत नाही, तिथे लोकांनी यावरूनच ओळखले की प्रकरण हाताबाहेर गेले आहे. चलनाचे मूल्य निम्म्याच्या आसपास घसरले, परकीय चलनात कर्ज काढलेल्यांचे हप्ते दुप्पट झाले, ब्रिटनने दहशतवादविरोधी कायदा वापरून लान्ड्सबांकी या बँकेची मालमत्ता गोठवली, आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. दर शनिवारी संसदेसमोरच्या चौकात सभा होऊ लागल्या. त्या भरवणारा गायक हॉर्दुर टोर्फासोन याने १९७५ मध्ये आपण समलिंगी असल्याचे एका मुलाखतीत जाहीर केले होते आणि त्यापायी झालेल्या छळामुळे त्याला देश सोडावा लागला होता. पुढे परतून १९७८ मध्ये समलिंगींच्या संघटनेच्या स्थापनेत त्याचा पुढाकार होता. २० जानेवारी २००९ रोजी संसदेचे अधिवेशन सुरू झाले तेव्हा हजारो माणसे भांडी बडवत तिथे जमली. त्या आठवड्यात, १९४९ नंतर प्रथमच, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. २६ जानेवारीला सरकार पडले.

हार्दे यांना कर्करोगाचे निदान झाले होते. सोशल डेमोक्रॅटिक अलायन्सच्या अध्यक्ष इंगिब्योर्ग सोलरुन गिस्लादोत्तिर यांच्यावरही मेंदूतील गाठीसाठी उपचार चालू होते. उरले कोण? डिसेंबर २००८ च्या जनमत चाचणीत योहाना यांच्या कामावर ७३ टक्के लोक समाधानी होते. बाकीच्या मंत्र्यांचे आकडे घसरत असताना त्यांचा आकडा चढला होता. पंधरा वर्षांपूर्वी ज्या वाक्याची थट्टा झाली, ते आता प्रचाराचे घोषवाक्य झाले. १ फेब्रुवारी २००९ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्या आइसलंडच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. दहा मंत्र्यांच्या त्या मंत्रिमंडळात पाच स्त्रिया होत्या आणि दोन मंत्री कोणत्याही पक्षाचे नव्हते. २५ एप्रिलच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला वीस आणि लेफ्ट-ग्रीन पक्षाला चौदा जागा मिळाल्या, आणि आइसलंडच्या इतिहासात प्रथमच केवळ डाव्या पक्षांचे बहुमत झाले.

दुसऱ्या बिरुदाविषयी, म्हणजे उघडपणे समलिंगी असलेल्या जगातील पहिल्या शासनप्रमुख याविषयी, थोडक्यात बोलतो, कारण योहाना स्वतःही त्याविषयी थोडक्यातच बोलत. त्यांचे पहिले लग्न १९८७ मध्ये संपले होते. लेखिका योनिना लेओसदोत्तिर यांच्याशी त्यांनी २००२ मध्ये नोंदणीकृत सहजीवन स्वीकारले होते, आणि २००९ मध्ये ही बातमी परदेशांना होती, आइसलंडला नव्हती. ११ जून २०१० रोजी अल्थिंगने समलिंगी विवाहाचा कायदा एकोणपन्नास विरुद्ध शून्य मतांनी संमत केला आणि २७ जूनला, कायदा अमलात आला त्याच दिवशी, या दोघींनी आपल्या नात्याचे विवाहात रूपांतर केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दोघी फेरो बेटांच्या अधिकृत दौऱ्यावर गेल्या असता तेथील सेंटर पक्षाचे नेते येनिस अव राना यांनी त्यांच्यासोबत मेजवानीला बसण्यास नकार दिला. मेजवानी झाली, एक ताट कमी वाढले गेले इतकेच.

दुसरी चिठ्ठी आली आहे आणि हिच्यात मिनिटांचा आकडा आहे. तेव्हा ज्या चार वर्षांसाठी आपण जमलो आहोत, ती मला घाईने उरकावी लागतील. माझे म्हणणे असे आहे की, ज्या कामाचे शिक्षण योहाना यांना संघटनेत आणि समाजकल्याण खात्यात मिळाले होते, म्हणजे तोटा कोणी किती सोसायचा याची वाटणी करणे, ते त्यांच्या सरकारने उत्तम केले. आणि ज्या कामाला लोकांचे मन वळवावे लागते, तिथे ते सरकार पुन्हा पुन्हा तोंडावर आपटले.

वाटणीचे काम आधी. २०१० पासून उत्पन्नकराचे तीन टप्पे करण्यात आले, जेणेकरून वरच्यांवर अधिक भार पडेल. मंत्री-खासदारांना उदार निवृत्तिवेतन देणारा २००३ चा कायदा रद्द झाला. घराच्या किमतीहून कितीतरी फुगलेली गृहकर्जे घराच्या मूल्याच्या ११० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची योजना निघाली. खर्चाला कात्री लागली, रुग्णालयांनाही लागली, पण ज्यांच्याकडे सर्वांत कमी होते त्यांच्यावर ती शेवटी लागावी, असा यत्न राहिला. मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखपदी जाऊन बसलेल्या दाविद ओद्सोन यांनी राजीनामा देण्यास नकार दिला, तेव्हा कायदा बदलून त्यांना दूर केले गेले. १९९४ चे उट्टे काढले असे कोणी म्हणाले, तर त्यावर वाद घालायला आज वेळ नाही. नाणेनिधीचा कार्यक्रम ऑगस्ट २०११ मध्ये पूर्ण झाला आणि सुमारे नऊ टक्क्यांवर गेलेली बेरोजगारी उतरत गेली. हे सर्व श्रेय एकट्या त्यांचे नाही. बँकांचा परदेशी भाग बुडू देण्याचा निर्णय हार्दे सरकारचा होता, आणि अर्थमंत्री म्हणून सर्वांत कडू औषध पाजण्याचे काम लेफ्ट-ग्रीनचे स्टेइनग्रिमुर सिग्फुसोन यांच्याकडे होते.

स्त्रियांच्या प्रश्नांवर लैंगिक सेवा विकत घेणे हा गुन्हा ठरला, नग्ननृत्याचे क्लब बंद झाले आणि पन्नासहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळांत दोन्ही लिंगांचे किमान चाळीस टक्के प्रतिनिधी असावेत असा कायदा झाला. याच योहाना यांच्या कार्यालयातील एका नेमणुकीत समानता कायद्याचा भंग झाल्याचा निर्णय २०११ मध्ये तक्रार समितीने दिला, हेही सांगितले पाहिजे.

मन वळवण्याचे काम मात्र जमले नाही. जुलै २००९ मध्ये युरोपीय संघाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला गेला, पण सोबतच्या लेफ्ट-ग्रीन पक्षालाच तो नको होता; त्या पक्षाच्या खासदारांना एकत्र ठेवणे म्हणजे मांजरे कळपाने हाकण्यासारखे आहे, असे योहाना २०१० मध्ये बोलून गेल्या आणि मांजरे आणखी चिडली. लान्ड्सबांकीच्या आइससेव्ह खात्यांत ब्रिटिश आणि डच ठेवीदारांनी ठेवलेल्या पैशांच्या भरपाईचा करार सरकारने संसदेत पुन्हा पुन्हा संमत करून घेतला, दोनदा राष्ट्राध्यक्ष ओलाफुर राग्नार ग्रिम्सोन यांनी सही नाकारली आणि मार्च २०१० व एप्रिल २०११ च्या सार्वमतांत लोकांनी तो दोनदा फेटाळला. जानेवारी २०१३ मध्ये एफ्टा, म्हणजे युरोपीय मुक्त व्यापार संघटना, हिच्या न्यायालयाने आइसलंडच्या बाजूने निकाल दिला, म्हणजे सरकारने ज्या पैशांसाठी लोकांशी भांडण घेतले, ते कायद्याने द्यावे लागतच नव्हते.

राज्यघटनेचे काय झाले, ते याहून खेदाचे आहे. घटना सभेसाठी नोव्हेंबर २०१० मध्ये लोकांनी पंचवीस नागरिक निवडले, सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली, मग संसदेने त्यांचीच परिषद नेमली, परिषदेने २०११ च्या जुलैत मसुदा दिला, ऑक्टोबर २०१२ च्या सल्लात्मक सार्वमतात दोन तृतीयांश मतदारांनी त्याला अनुकूलता दाखवली, आणि संसदेने तो संमत केलाच नाही. यावर स्वतंत्र व्याख्यान द्यावे लागेल. संयोजकांनी मला पुन्हा बोलावण्याचे धाडस केल्यास मी ते देईन.

योहाना यांनी २०१२ मध्येच पुढची निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले होते. २७ एप्रिल २०१३ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या वीस जागांच्या नऊ झाल्या आणि मते तीस टक्क्यांच्या आसपासवरून तेरावर आली. ज्या दोन पक्षांच्या युतीने बँका विकल्या होत्या, तेच दोन पक्ष, गृहकर्जे आणखी माफ करण्याचे आश्वासन देऊन, पुन्हा सत्तेवर आले. पस्तीस वर्षे अखंड संसदेत काढलेल्या योहाना यांनी त्या वेळी सत्तरी ओलांडली होती.

तिसरी चिठ्ठी आली आहे. ती न उघडताच मी थांबतो. घरकर्जांची रोखे-पद्धत ज्यांना नीट समजून घ्यायची असेल, त्यांनी प्रश्नोत्तरांच्या वेळी जरूर हात वर करावा.